वेटोळ्यातली अकरा भोकं

घणमावशीने आयुष्यात दोन माणसांचे मिळून तीन दात पाडले होते. पहिले दोन एका ट्रकवाल्याचे. दगडी गोळे उतरवताना तो म्हणाला होता, "बाई, बाजूला सरा, हे बायकांचं काम नाही." तिसरा एका दलालाचा. त्याने तिच्या छिन्न्यांना तिला न विचारता हात लावला होता. "तो दात किडलेलाच होता," मावशी अजून सांगते, "मी त्याचा दवाखान्याचा फेरा वाचवला."

तिची शेड पत्र्याची, एका चिकणमातीच्या कड्याच्या पायथ्याशी. कडा ओला झाला की अंगावर यायचा, आणि येताना कलिंगडाएवढे, कधी जात्याएवढे दगडी गोळे खाली टाकायचा. काही गोळ्यांच्या पोटात वेटोळं असायचं. शहाणी माणसं त्याला अमोनाइट म्हणतात. माकुल आणि अष्टपादांच्या जुन्या भाऊबंदांपैकी हा प्राणी, गुंडाळलेल्या शंखाच्या शेवटच्या खोलीत राहून समुद्रात तरंगणारा, कोट्यवधी वर्षांपूर्वी मुलाबाळांसकट संपलेला. या कड्यातली जात ताटासारखी चपटी होती, कडेला धार असलेली. कवचावर पाणी मारलं की तेलाच्या तवंगासारखे लाल-हिरवे रंग उठायचे. संग्रहालयाच्या बाई तिला 'प्लॅसेंटिसेरस' म्हणायच्या. शेडमध्ये तिला 'चपटं' म्हणायचे, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

गोळा फोडायची मावशीची रीत ठरलेली. वाळूच्या पोत्यावर गोळा ठेवायचा, टिचक्या मारत कान लावून त्याच्याभोवती फिरायचं, शिवण सापडली की खडूची रेघ ओढायची, आणि घण एकदाच. खाड! दोन फाका. "एका घावात उघडला तर कारागीर," ती म्हणायची, "दोन लागले तर हमाल, तीन लागले तर माझा नवरा."

नवरा होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने एकदाच हात उचलला. तो हात महिनाभर गळ्यात बांधून फिरला, मग ट्रक घेऊन बाहेरगावी गेला, तो अजून गेलेलाच आहे.

पण मावशीला मारणं कुणी शिकवलं हे सांगायचं तर बापापासून सुरुवात करावी लागेल. शेड मुळात बापाची. त्याच्याकडे एकूण चार शब्द होते: आण, धर, ठेव आणि घसरली. पहिले तीन तो ओरडून म्हणायचा. चौथा अगदी हळू, जवळजवळ लाडाने.

काम तिघांत वाटलेलं होतं. गोळा बाप फोडायचा. फाका धाकटा भाऊ बादलीत बुडवून ब्रशने धुवायचा. तो तेव्हा नऊ वर्षांचा. मग त्या यायच्या बारा वर्षांच्या ताईकडे, म्हणजे मावशीकडे. कवचावर घट्ट बसलेला दगडी चिखल छिन्नीने आणि सुईने कणाकणाने काढायचा, ही तिची कामगिरी. चिखल निघाला की कधीकधी कवचाला भोक दिसायचं. गोल, बोट जाईल एवढं.

बाप मागून यायचा. वाकून बघायचा.

"घसरली वाटतं छिन्नी?"

"बाबा, मी नाही पाडलं."

"नाही ना? मग काय आपोआप पडलं?"

"खरंच बाबा, चिखल काढला आणि आत भोकच होतं."

"हो? भोकच होतं? वा वा." आणि मग पट्टा. पट्टा हाताशी नसला तर घणाचा दांडा. डाव्या हाताची दोन बोटं अशीच वाकडी बसली. एकदा जबडा निखळला, तो बसवणाऱ्याने घाईत बसवला, म्हणून मावशी हसली की तोंड एकीकडे जातं. आणि म्हणून ती फारशी हसत नाही. आई आत बसून स्टोव्हला पंप मारत राहायची. फर्र फर्र फर्र. स्टोव्हचा आवाज चढला की शेजारपाजारच्यांना कळायचं, आज परत भोक निघालं.

"मी नाही पाडलं" असं ती दोन वर्षं म्हणाली. मग म्हणणं सोडलं. आणखी दोन वर्षांनी तिचं तिलाच खरं वाटायला लागलं की आपला हात हलका आहे, आपली छिन्नी घसरते, आपल्यातच खोट आहे.

भोक पडलं की पुढचं काम भावाचं. दगडाचा भुगा आणि गोंद कालवून तो लांबी करायचा, अंगठ्याने भोकात दाबायचा, वर नखाने खोट्या रेघा काढायचा. असं बेमालूम व्हायचं की बाप खूष. "शाब्बास रे माझ्या डॉक्टर!" ताईच्या अंगावरचे वळसुद्धा भाऊच बुजवायचा, शेजाऱ्यांसमोर, तोंडाने. "ताई ना? ताई पायरीवरून पडली." एका वर्षात ताई इतक्या वेळा पायरीवरून पडली की एक शेजारीण म्हणाली, "अरे, तुमच्या घराला पायऱ्या आहेत तरी किती?"

बाप मेला. शेड ताईकडे आली, आणि शहरातलं दुकान भावाकडे. त्याला सगळे शेठ म्हणू लागले. दुकानात त्याचा आवाजच वेगळा असायचा, लोणी लावलेला: "या सर, बसा सर. हे बघा सर. एकदम नैसर्गिक सर. हात फिरवून बघा, कुठे जोड नाही सर." लांबी अजूनही त्याच्याच अंगठ्याची.

मावशी त्रेपन्नची झाली. तिला आता मारणारं कुणी नव्हतं. तरी भोक निघालं की ती छिन्नी उलटी धरायची आणि मुठीने डाव्या हाताच्या पेरांवर दोन ठोके द्यायची. मोजून दोन. मग पुढचं काम. कंप्रेसरवाला बावीस वर्षं हे बघत होता. तो हवेच्या छिन्नीचं यंत्र चालवायचा आणि त्याच यंत्राने अर्धा बहिरा झालेला होता. एकदा त्याने विचारलं, "मावशी, हे कशापायी?"

"घसरली म्हणून."

"मला नाही दिसली घसरताना."

"तुझं लक्ष यंत्राकडे ठेव."

यंदा कडा मोठा कोसळला आणि त्यातून एक अवजड गोळा आला, चौघांनी ढकलत आणला असा. मावशीने अर्धा दिवस त्याच्याभोवती फिरण्यात घालवला. मग रेघ, मग घण. खाड! आत चपटं होतं, बैलगाडीच्या चाकाला लाजवील असं, आणि एकही चीर नाही. शेठला फोन गेला. शेठने तासाभरात गिऱ्हाईक ठरवलं: एक हॉटेलवाला, त्याला दारात शोभेसाठी हवं होतं. तो परवा चारला येणार.

संग्रहालयाच्या बाईंना मावशीने स्वतःच कळवलं. मोठं काही निघालं की त्या येऊन फोटो काढायच्या, मोजमाप घ्यायच्या. बारीकशा होत्या, गळ्यात भिंग, आणि प्रत्येक वाक्य पावलापावलाने टाकायच्या, जणू खाली काचा आहेत.

हॉटेलवाल्याच्या दिवशी सकाळीच त्या आल्या. मावशी नुकतीच छिन्नी घेऊन बसत होती.

"थांबा!" बाई ओरडल्या. पहिल्यांदाच ओरडल्या. "म्हणजे, कृपा करून थांबा. या टिकल्या बघितल्यात?"

धुतलेल्या कवचावर चिखलाच्या गोल टिकल्या दिसत होत्या, आसपासच्या कवचापेक्षा काळ्या. बाईंनी सुतळी लावली. सहा टिकल्या एका वाकलेल्या ओळीत. मग तिघांनी पहार लावून चपटं उलटं केलं. मागच्या बाजूला पाच, तशाच वाकलेल्या ओळीत, बरोबर समोरासमोर.

"असं म्हणता येईल, म्हणजे माझं तरी मत असं आहे, की हा चावा आहे. कुणीतरी मोठ्या जबड्याचं. समुद्री सरडा बहुतेक. काही लोक म्हणतात, गोगलगायींनी अशी भोकं पोखरली. पण ही वरून आणि खालून जुळतायत. आणि हे बघा, कवचाचे तुकडे आत ढकललेले आहेत आणि त्यांच्यावर त्या काळचाच चिखल बसलाय. दगड होण्याच्या आधीचा."

मावशी बघत राहिली. "म्हणजे हा चिखल काढला की..."

"की भोक दिसेल. अर्थात."

"मी काढला तरी?"

"कुणीही काढला तरी. भोक आधीपासूनच आहे हो. तुमच्या-माझ्या जन्माच्या कितीतरी आधी याला कुणीतरी कडकडून चावलंय. या जातीत हे बऱ्याचदा दिसतं. तुम्हाला कधी आढळलं नाही?"

मावशीने डावा हात पदराखाली घेतला. "आढळलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तो धुवायचा."

"कोण?"

"फाका तो धुवायचा. माझ्या हातात यायच्या आधी."

दुपारी शेठ आला. गाडीतून उतरतानाच भुग्याचा डबा आणि गोंदाची बाटली हातात. "ताई! झालं का साफ? चारला येतायत ते. काय हे, अजून चिखल तसाच! नमस्कार मॅडम. चला चला, मी लांबी कालवतो, तू भोकं मोकळी कर."

"कुठली भोकं?" मावशीने विचारलं.

"हीच की. ही काळी काळी." त्याने बोटाने दाखवलं. आणि बोट तिथेच राहिलं.

"अजून छिन्नी लावली नाही मी. तुला कसं कळलं तिथे भोकं आहेत?"

कंप्रेसरवाल्याने यंत्र बंद केलं. तमाशा नीट ऐकू यावा म्हणून.

शेठने डबा खाली ठेवला. "ताई, लोकांसमोर काय हे."

"टिकल्या दिसायच्या तुला. धुताना."

"मी नऊ वर्षांचा होतो गं."

"दहाव्या वर्षी?"

"ताई..."

"विसाव्या वर्षी? बाप मेला तेव्हा तू पंचविशीत होतास. तेव्हा तरी यायचंस आणि सांगायचंस, ताई, ती भोकं तू नव्हती पाडलीस."

"मी बोललो असतो तर तो म्हणाला असता, मग तू धुताना पाडलीस! त्याने मला मारलं असतं!"

"हो. एकदा तरी मारलं असतं."

मग शेठने जे केलं ते तो आयुष्यभर करत आलेला होता. डबा उघडला, लांबी कालवली, आणि दुकानातला आवाज काढला. "हे बघ, जुनं उकरून कुणाचं भलं झालंय? आत्ता हे बुजवू, मग निवांत बसून बोलू." छिन्नीच्या टोकाने एक टिकली उडवली आणि उघड्या पडलेल्या भोकात अंगठा दाबला.

मावशीची चपराक त्याच्या कानाखाली इतकी जोरात बसली की तो पोत्यांवर जाऊन पडला आणि लांबी त्याच्याच टकलावर सांडली. बाई किंचाळल्या. शेठ उठला तो लाल होऊन. त्याने तिच्या पोटात डोकं घातलं. दोघं पाण्याच्या पिंपावर आदळली, पिंप कलंडलं, शेडभर चिखल झाला. मावशीने त्याची कॉलर धरून त्याचं नाक टेबलावर आपटलं. नाकातून रक्ताची चिळकांडी चपट्यावर उडाली.

"कवच! कवच सांभाळा!" बाई ओरडल्या. मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. "म्हणजे, माणसंही."

"आजपर्यंत दुकान माझ्या जिवावर..." शेठ ओरडला.

"माझ्या हाडांवर! हाडांवर म्हण!"

त्याच्या हाताला पहार लागली. त्याने ती फिरवली, बहुतेक नुसती भीती दाखवायला, पण चिखलात पाय सरकला आणि पहार पूर्ण वजनानिशी तिच्या उजव्या खांद्यावर उतरली. कट्ट! कंप्रेसरवाल्यालासुद्धा ऐकू गेलं. मावशीचा उजवा हात दोरी तुटलेल्या बादलीसारखा लोंबला.

शेठ घाबरला, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं: आणखी चेपलं. तिला टेबलावर आडवी दाबली, तिचं डावं मनगट आपल्या पंजात पकडलं आणि उजवा हात तिच्या गळ्यावर आडवा घातला. "बस कर! बस कर ताई! पुरे झालं!"

तिचा उजवा हात मेलेला, डावा जखडलेला. मावशीकडे आता एकच हत्यार उरलं होतं. तिने मान वळवली आणि त्याच्या हाताच्या मांसल भागात वाकड्या जबड्याने, वरच्या आणि खालच्या सगळ्या दातांनी, कडकडून चावा घेतला.

शेठची किंकाळी कड्यावर आपटून परत आली. त्याने तिला ढकललं, तिचे केस ओढले, लाथा मारल्या. जबडा सुटेना.

"सोड! ताई, सोड! काय पाहिजे तुला?"

मावशीने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. रक्त हनुवटीवर आलं होतं.

"काय म्हणतेय ही?" शेठ रडत ओरडला.

कंप्रेसरवाला जवळ आला, वाकला, कानामागे हात धरला. "बोल म्हणतायत."

"काय बोलू?"

मावशी पुन्हा गुरगुरली.

"ते तुला माहीत आहे म्हणतायत," कंप्रेसरवाला म्हणाला.

"तिची छिन्नी घसरली नव्हती!" शेठ ओरडला. "कधीच घसरली नव्हती! मला माहीत होतं! धुताना दिसायचं सगळं! मला माहीत होतं!"

जबडा सुटला. शेठ मागे कोलमडला. हातावर दोन कमानी उमटल्या होत्या, एक वरून, एक खालून. बाई पुढे धावल्या, रुमाल काढला, आणि सवयीने आधी भिंग डोळ्याला लावलं.

"बाई," कंप्रेसरवाला म्हणाला, "हाही नमुना नेणार का संग्रहालयात?"

मावशी पोत्याला टेकून बसली होती. तोंडाचा रंग राखेसारखा झाला होता.

"दवाखान्यात चला," बाई म्हणाल्या. "ताबडतोब. हाड नक्की मोडलंय. म्हणजे, शक्यता नाही, नक्कीच."

"चार वाजू दे."

"अहो, तीन तास आहेत!"

"असू दे. दाताखाली कुणीही बोलतं. मीसुद्धा पट्ट्याखाली बोलले होते, हो बाबा, घसरली. त्याचा काय उपयोग? आता दाताबाहेर बोलेल तर खरं."

शेठला कळलं. त्याने मान खाली घातली. निघून जायची मुभा होती, गाडी दारात उभी होती, चाव्या खिशात होत्या. तो दोनदा गाडीपर्यंत गेला. दुसऱ्यांदा दार उघडून आत बसला, इंजिन सुरू केलं. कंप्रेसरवाल्याने मावशीकडे पाहिलं. मावशीने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिन बंद झालं. शेठ परत आला आणि तिच्यापासून दोन पोती सोडून बसला. बाईंनी त्याच्या हाताला फडकं गुंडाळलं आणि मावशीचा हात स्कार्फने छातीशी बांधला. ती दातओठ खाऊन बसून राहिली. घाम कपाळावरून डोळ्यांत गळत होता.

चारला हॉटेलवाला आला. जाडजूड, खुशीत, फोनवर अर्धा बोलत. आत येताच थबकला: चिखल, कलंडलेलं पिंप, सुजलेल्या नाकाचा शेठ, हात बांधलेली मावशी.

"अपघात झाला का काय?"

त्याने चपट्याकडे पाहिलं आणि बाकी सगळं विसरला. "वा! शेठ, वा! काय माल काढलात!" बाईंनी लांबी आणि रक्त पुसून कवचावर पाणी शिंपडलं होतं, लाल-हिरवं झगमगत होतं. तो भोवती फिरला, वाकला. "आणि हे काय? इथे भोक? आणि हे काळे डाग? अरेरे." त्याने मान हलवली आणि मावशीच्या छिन्न्यांकडे बघून हसत म्हणाला, "घसरली वाटतं छिन्नी कुणाची तरी?"

शेठने तोंड उघडलं. लोणी लावलेला आवाज अगदी ओठांपर्यंत आला. "सर, त्याचं काय आहे सर, ते आपण असं करून देऊ की..." आणि तो थांबला. फडक्यातून रक्त पाझरत होतं. तो ताईकडे बघत नव्हता. तिच्या डाव्या हाताकडे बघत होता, मांडीवर ठेवलेल्या त्या दोन वाकड्या बोटांकडे.

"नाही सर," तो म्हणाला. आवाज कुठल्याच दुकानातला नव्हता, फाटका होता. "छिन्नी नाही. याला चावलंय कुणीतरी, जिवंत असताना. ही भोकं बुजवायची नाहीत. हवं तर असंच न्या, नाहीतर राहू द्या." "ही माझी बहीण. हिच्या हातून आजपर्यंत एकही भोक पडलेलं नाही. पडलं म्हणून हिने मार खाल्ला, आणि मला माहीत असून मी गप्प बसलो."

हॉटेलवाला एकदा दगडाकडे आणि एकदा माणसांकडे बघत राहिला. "आणि तुमच्या हाताला काय झालं?" त्याने विचारलं.

"चावलंय," शेठ म्हणाला.

मावशी भिंतीला धरून उठायला गेली आणि गुडघ्यांवर बसली. शेठ पुढे आला. तिने त्याला हात लावू दिला नाही. कंप्रेसरवाल्याच्या खांद्यावर भार टाकून ती उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "दुखतंय मला."

कंप्रेसरवाला बावीस वर्षं तिच्याबरोबर होता. त्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"दुखतंय," मावशी ओरडली. "खांदा दुखतोय! बोटं दुखतायत! जबडा दुखतोय! काढ गाडी!"